पंच करायच्या आधी पडलात तर?

बर्फावर पडलेल्या माणसाला आधी लाज वाटते, दुखायला लागतं नंतर. कोणी पाहिलं तर नाही ना, या भीतीने तो इकडेतिकडे बघतो, पँट झटकतो, ‘काही नाही, काही नाही’ म्हणत चालू लागतो. इथे न्यू जर्सीत मी अशी कितीतरी माणसं उठताना पाहिली आहेत, आणि त्यात आपली माणसं जरा जास्तच घाईने उठतात. हात सुजायला लागेपर्यंत सगळं आवरलेलं असतं. पाहणारे आपापल्या कामाला गेलेले, कोणीतरी बर्फावर मीठ टाकून मोकळं झालेलं, सुपरवायझरकडे नोंद नाही. भरपाईचे दावे कोर्टात हरण्याआधी बऱ्याचदा या पहिल्या अर्ध्या तासातच हरलेले असतात. म्हणून हे लिहितेय.

मी मिडलसेक्स काउंटीतल्या एका वेअरहाऊसमध्ये पॅकिंगला आहे. औषधांच्या बाटल्या खोक्यात भरायच्या, लेबलं तपासायची, पॅलेट लावायचं. मूळची मी इचलकरंजीची. नणंदेने कागद केले, ते बऱ्याच वर्षांनी पास झाले, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर आम्ही दोघं मुलाला घेऊन इकडे आलो. या वयात इथे जे काम मिळतं ते उभ्याने करायचं असतं आणि पहाटे सुरू होतं. एडिसन, पिस्कॅटवे, क्रॅनबरी या पट्ट्यात गोदामांची रांगच रांग आहे, आणि त्यांत मराठी, गुजराती, तेलुगू बायका तुम्हाला पहाटे सहाच्या शिफ्टला हमखास भेटतील.

जानेवारीतली गोष्ट. आदल्या दिवशी ऊन पडलं होतं. पार्किंगच्या वरच्या कोपऱ्यात फावडं लावलेल्या गाडीने आठवडाभराचा बर्फ ढकलून त्याचा डोंगर करून ठेवला होता. दुपारी तो वितळायचा आणि पाणी उताराने गाड्यांच्या दोन रांगांमधून थेट आमच्या मागच्या दाराकडे यायचं. रात्री ते गोठायचं. यालाच इथे ब्लॅक आइस म्हणतात. तो काळा नसतो, काचेसारखा पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसत राहतं म्हणून काळा वाटतो. दिव्याच्या उजेडात तो ओल्या रस्त्यासारखा दिसतो, आणि ओल्या रस्त्यावर पाय जपून टाकायचं आपल्याला सुचत नाही. माझा पाय पुढे गेला, मी मागे, आणि सावरायला उजवा हात जमिनीला टेकला. त्या हाताने माझं सगळं वजन घेतलं.

असा पसरलेला हात टेकून पडलं की मनगटाजवळचं हाड मोडतं. आयरिश सर्जन अब्राहम कोलीज यांनी १८१४ मध्ये हे फ्रॅक्चर लिहून ठेवलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. चाळिशी-पन्नाशी पुढच्या बायकांत ते फार दिसतं. माझं हाड सरकलं होतं, म्हणून प्लेट आणि स्क्रू बसवावे लागले. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा. अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं एक छोटं हाड असतं, त्याची चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून घरी आलेल्या माणसाचं अंगठ्याच्या मुळाशी दुखणं थांबत नसेल तर पुन्हा एक्स-रे मागा, आणि दुखतंय हे डॉक्टरांना कागदावर लिहायला लावा.

मला उचललं एका फोर्कलिफ्टवाल्या डॉमिनिकन पोराने. तो माझ्या मागेच येत होता. आत गेल्यावर आमच्या लीडने घड्याळाकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य टाकलं, ‘तू अजून पंच केलेलं नाहीस.’ म्हणजे शिफ्ट सुरू झालेली नाही, म्हणजे तू बाहेर पडलीस, म्हणजे हे तुझं खासगी. तुझा हेल्थ इन्शुरन्स वापर. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वरून तसंच शिकवलेलं होतं, असं मला आजही वाटतं. पण त्याने जे लिहिलं ते एवढंच होतं: कर्मचारी शिफ्टआधी इमारतीबाहेर पडली. त्यातल्या तीनही गोष्टी खऱ्या होत्या, आणि तरी तो कागद मला घरी बसवायला पुरेसा होता.

मी त्याला म्हटलं, मला माझ्या शब्दांत लिहू दे. हात सुजलेला, म्हणून त्या फोर्कलिफ्टवाल्या पोराला डिक्टेट केलं, खाली डाव्या हाताने सही केली. कंपनीच्या मागच्या पार्किंगमध्ये, जिथे आम्हाला गाड्या लावायला सांगितलं आहे तिथे, शिफ्टला येताना, गोठलेल्या पाण्यावरून घसरले. तारीख, वेळ, पाहणाऱ्याचं नाव. त्या कागदाचा फोटो मी तिथेच काढून घेतला. आणि दुसरा फोटो पोराने काढला, तो टाइम क्लॉकच्या वर चिकटवलेल्या पाटीचा. प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेली ती पाटी मी रोज पाहायचे, कोपरे पिवळे पडलेले, एका बाजूची टेप निघालेली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की पॅकिंग आणि लोडिंगच्या कामगारांनी गाड्या फक्त मागच्या लॉटमध्येच लावाव्यात, पुढची जागा ऑफिस आणि पाहुण्यांसाठी. पुढे माझी सगळी केस त्या पाटीवर उभी राहिली.

ते कसं, हे समजायला कायदा थोडा समजून घ्यावा लागेल. मी वकील नाही. पण माझी केस चालली तेवढ्या काळात जे शिकले ते न्यू जर्सीपुरतं पक्कं आहे. पेनसिल्व्हेनिया किंवा न्यू यॉर्कमध्ये असाल तर तिथले नियम वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

कामावर जखमी झालेल्या माणसासाठी इथे दोन निरनिराळी दारं आहेत, आणि आपले लोक ती एकच समजतात. पहिलं दार वर्कर्स कॉम्पेन्सेशनचं, बोलीभाषेत ‘कॉम्प’. न्यू जर्सीत हा कायदा १९११ पासून आहे. मालक आणि कामगार यांच्यातली ती एक देवाणघेवाण आहे: कामगाराने मालकावर खटला भरायचा नाही आणि मालकाने चूक कोणाची ते विचारायचं नाही. घसरताना तुमच्या हातात डबा होता, फोन होता, पायात साधे बूट होते, तुम्ही घाईत होता, यातल्या कशानेही हक्क जात नाही. दारू पिऊन पडलात किंवा मुद्दाम पडलात तर गोष्ट वेगळी. उपचाराचा सगळा खर्च मालकाच्या विमा कंपनीने करायचा. काम बंद राहिलं तर आठवड्याच्या एकूण पगाराच्या ७० टक्के रक्कम द्यायची. तिला कमाल मर्यादा असते आणि ती दरवर्षी बदलते. आठवड्याला ८०० डॉलर मिळत असतील तर ५६० मिळतात, त्यावर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही. पहिले सात दिवस थांबावं लागतं, पण काम त्याहून जास्त बंद राहिलं की त्या सात दिवसांचेही पैसे देतात. उपचार संपल्यावर हातात जी कायमची उणीव राहिली, तिचं टक्केवारीने वेगळं मूल्य ठरतं. मनस्ताप झाला, रात्री झोप नाही, नातवाला उचलता येत नाही, यासाठी कॉम्प एक डॉलर देत नाही.

त्यासाठी दुसरं दार, म्हणजे खटला. तो मालकावर नाही, तर ज्याने बर्फ काढायला हवा होता त्या तिसऱ्या माणसावर: जागेचा मालक, बर्फ काढणारा कंत्राटदार. इथे मात्र चूक सिद्ध करावी लागते. यावर पुढे येतेच.

कॉम्पमध्ये चूक कोणाची हे विचारत नाहीत, पण कुठे पडलात हे फार बारकाईने विचारतात. १९७९ च्या दुरुस्तीनंतर न्यू जर्सीत नोकरी सुरू होते ती कामाच्या जागेवर पोचल्यावर आणि संपते ती तिथून निघाल्यावर. पंच मशीनचा त्या व्याख्येत उल्लेख नाही. आणि कामाची जागा म्हणजे मालकाच्या ताब्यातली जागा. ताबा म्हणजे मालकी असायलाच हवी असं नाही. १९८८ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टापुढे एका मॉलमधल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या कर्मचारी बाईंची केस आली होती. पार्किंग मॉलचं होतं, दुकानाचं नव्हतं. पण जवळच्या जागा गिऱ्हाइकांना मोकळ्या राहाव्यात म्हणून दुकानाने नोकरांना लांबच्या टोकाला गाड्या लावायला सांगितलं होतं. तिथून दुकानाकडे येताना त्यांना अपघात झाला. कोर्टाने म्हटलं, तुम्ही स्वतःच्या धंद्याच्या सोयीसाठी माणसाला तिथे पाठवलंत, तर ती जागा तुमची. भरपाई मिळाली. माझ्या वकिलाने ती पिवळ्या कोपऱ्यांची पाटी पाहिल्यावर याच निकालाचं नाव घेतलं.

उलटही होतं. २०१४ मध्ये याच कोर्टाने मॉरिस काउंटीच्या एका कर्मचाऱ्याला नाही म्हटलं. काउंटीने खासगी गॅरेजमध्ये काही जागा भाड्याने घेतल्या होत्या, तिथून ऑफिसकडे चालत येताना सार्वजनिक रस्ता ओलांडताना गाडीने धडक दिली. रस्ता काउंटीच्या ताब्यात नव्हता. आणि २०२२ मध्ये स्पार्टा गावच्या ग्रंथपाल बाईंना मात्र हो म्हटलं. त्या काम संपवून नवऱ्याबरोबर ग्रंथालयाच्या पार्किंगमधून गाडीकडे जात होत्या, बर्फ काढणाऱ्या गाडीने त्यांना धडक दिली. ड्यूटी संपली होती, पण लॉट गावच्याच मालकीचा आणि ताब्यातला होता. हे तीन निकाल शेजारी शेजारी ठेवले की कळतं, दहा पावलं इकडे किंवा तिकडे यावर आयुष्याचा हिशोब फिरतो. त्यामुळे कोणी विचारलं ‘कुठे पडलात’ तर ‘बाहेर’ एवढंच उत्तर देऊ नका. कोणत्या लॉटमध्ये, कोणत्या दाराजवळ, तिथे गाडी लावायला कोणी सांगितलं, हे सगळं सांगा.

घरून निघाल्यावर गल्लीतच किंवा बसस्टॉपवर पडलात तर इथे कॉम्प सहसा मिळत नाही. गंमत बघा, आपल्याकडे भारतात यावर कायदा अलीकडे जास्त उदार झालाय. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा चौकीदार २००३ मध्ये कामावर जाताना रस्त्यात अपघातात गेला. त्याच्या घरच्यांची केस भारताच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली आणि जुलै २०२५ मध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध जुळत असेल तर कामावर जाता-येतानाचा अपघातही नोकरीतलाच. बावीस वर्षं लागली, ही दुसरी गोष्ट.

आता दवाखान्याचं. अर्जंट केअरमध्ये गेल्यावर पहिल्या खिडकीवर विचारतात, काय झालं. तिथे जे टाइप होतं ते वर्षभराने कोर्टात वाचलं जातं. आपल्यातल्या बऱ्याच बायका मुलाला बरोबर नेतात आणि मुलगा घाईत सांगतो, ‘शी फेल.’ संपलं. घरात पडली की कामावर, काही पत्ता नाही. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा, फोनवर देतात, पैसे घेत नाहीत. आणि स्वतः सांगा: कामावर, कंपनीच्या पार्किंगमध्ये, बर्फावर.

इमर्जन्सी सोडली तर न्यू जर्सीत कॉम्पचा डॉक्टर विमा कंपनी ठरवते, आपण नाही. हे आपल्याला अजिबात पटत नाही. आमच्या ओळखीतल्या एकांनी ‘आपला डॉक्टर बरा’ म्हणून ओक ट्री रोडवरच्या ओळखीच्या डॉक्टरकडे थेरपी घेतली. बिल विमा कंपनीने नाकारलं आणि ते त्यांच्या खिशातून गेलं. विमा कंपनीने उपचार नाकारले, ते लेखी असलं, तर मात्र स्वतःच्या डॉक्टरकडे जाऊन नंतर खर्च मागता येतो. आधी मागायचं, नकार कागदावर घ्यायचा, मग जायचं. हा क्रम मोडू नये.

मग फोन येतो विमा कंपनीच्या अ‍ॅडजस्टरचा. आवाज इतका गोड की वाटतं माहेरचं कोणी चौकशी करतंय. ‘हाउ आर यू टुडे?’ आपण म्हणतो ‘फाइन’. मोडलेल्या हाताने, गोळ्या घेऊन, आपण म्हणतो ‘फाइन’, आणि संभाषण रेकॉर्ड होत असतं. जबाब रेकॉर्ड करायला तिने विचारलं तेव्हा मी वकिलाशी बोलून सांगते म्हटलं. ती रागावली नाही. रोजचंच होतं तिचं.

वकिलाचं नाव काढलं की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो. संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ हातात देता देता मला किमान चार जणींनी सल्ला दिला. केस कशाला करतेस, नोकरी जाईल. ग्रीन कार्डवर शेरा येईल. सिटिझनशिप अडेल. सरकारी मदत घेतली असं होईल. म्हणून स्पष्ट लिहिते. कॉम्प ही सरकारी मदत नाही, मालकाने कायद्याने भरलेल्या विम्याचे पैसे आहेत. त्याने इमिग्रेशनच्या कागदावर काही डाग लागत नाही. कागद नसलेल्या कामगारालाही या राज्यात कॉम्प मिळते. दावा केला म्हणून कामावरून काढणं किंवा त्रास देणं बेकायदेशीर आहे. आणि वकील आधी पैसे मागत नाही. त्याची फी शेवटी न्यायाधीश ठरवतात, जी रक्कम मिळाली त्यावर. कोणी कॉम्पच्या केससाठी आगाऊ पैसे मागत असेल तर उठून यावं.

आमच्याच शिफ्टला नडियादच्या एक बेन आहेत. त्या माझ्या आदल्या हिवाळ्यात लोडिंग डॉकवर घसरल्या. लीडने सांगितलं तसं त्यांनी घरचा इन्शुरन्स वापरला, फॉर्मवर ‘कामावर नाही’ अशी खूण केली, सुट्ट्या जाळल्या. गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या उन्हाळ्यात निघालं तेव्हा त्या कॉम्पकडे गेल्या. आता त्यांच्याच सहीचा कागद त्यांच्या विरुद्ध उभा आहे. मी त्यांना दोष देत नाही. ज्या माणसाच्या हातात तुमचं वेळापत्रक आहे त्याचं ऐकायची सवय कोणालाही लागते.

एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळा पेच आहे. पगार एजन्सी देते, काम वेअरहाऊस सांगतं. पडल्यावर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. कळवायचं दोघांनाही, त्याच दिवशी, लेखी, मेसेज चालेल. कॉम्प सहसा एजन्सीच्या विम्यातून येते. पण ज्या वेअरहाऊसमध्ये तुम्ही राबता तेही कायद्याने तुमचं मालक ठरू शकतं, आणि मग त्याच्यावर खटला भरता येत नाही. रोख पगारावर किचनमध्ये, मोटेलमध्ये, दुकानात असणाऱ्यांचाही हक्क आहे. मालकाने विमाच घेतला नसेल तर राज्याचा त्यासाठी वेगळा फंड आहे. आणि कागदावर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ लिहून घेतलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. काम खरोखर कसं चालतं ते न्यायाधीश पाहतात.

माझा दावा विमा कंपनीने नाकारला, कारण तेच: पंच नाही. पगार बंद, हात प्लॅस्टरमध्ये, घरभाडं चालू. अशा वेळी राज्याची टेम्पररी डिसॅबिलिटी नावाची योजना असते. ती खरं तर कामाबाहेरच्या आजारपणासाठी, पण कॉम्प वादात असेल तरी अर्ज करता येतो. काम बंद झाल्यापासून ३० दिवसांत करावा. नंतर कॉम्प मिळाली की राज्य आपले पैसे त्यातून परत घेतं. त्या पैशांवर आम्ही हिवाळा काढला.

दाव्याचे दोन प्रकार असतात आणि इथे पुष्कळ जण फसतात. एक अनौपचारिक सुनावणीचा अर्ज, सोपा, एक पानी. दुसरी औपचारिक क्लेम पिटिशन. पहिल्यात बोलणी होतात, कधी लवकर मिटतं. पण त्या अर्जाने मुदतीचं घड्याळ थांबत नाही. पिटिशनची मुदत अपघातापासून किंवा शेवटचे पैसे मिळाल्यापासून दोन वर्षं. ‘माझा अर्ज चालू आहे’ म्हणत बसलेल्याची दोन वर्षं सहज निघून जातात. मालकाला कळवायची मुदत आणखी लहान आहे: १४ दिवसांच्या आत कळवावं, आणि ९० दिवसांत कळवलंच नाही, त्यालाही ठाऊक नव्हतं, तर हक्क जातो. मी पिटिशनच केली. न्यू ब्रन्सविकला तारीख लागली. तिथे ज्युरी नसते, फक्त न्यायाधीश. पाटीचा फोटो, पोराचा जबाब आणि अर्जंट केअरचा कागद पुढे गेल्यावर विमा कंपनीने साक्षीपुराव्याची वेळच येऊ दिली नाही.

दुसऱ्या दाराचं, म्हणजे खटल्याचं, आता सांगते. आमच्या वेअरहाऊसची जागा दुसऱ्या कंपनीची, बर्फ काढायचं कंत्राट तिसऱ्याचं. न्यू जर्सीत व्यापारी जागेच्या मालकावर आपल्या लगतच्या फुटपाथची जबाबदारी १९८१ पासून आहे. पण २०२१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने एक मोठी अट घातली. कामावर चालत जाणारा एक माणूस २०१५ च्या जानेवारीत फुटपाथवरच्या बर्फावर पडला होता, कमरेचं हाड मोडलं होतं. कोर्ट म्हणालं, वादळ चालू असताना बर्फ काढायचं बंधन मालकावर नाही, ते थांबल्यावर पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. दोन अपवाद ठेवले: मालकाच्या कृतीने धोका वाढला असेल, किंवा बर्फ आधीच्या वादळाचा असेल. हा नियम मला व्यक्तिशः पटत नाही. ज्याला तासावर पगार मिळतो तो वादळ थांबायची वाट बघत घरी बसू शकत नाही. पण कायदा तो आहे, आणि तुम्ही ज्या सकाळी पडलात तेव्हा आकाशातून काय पडत होतं हे सिद्ध करावं लागतं. नेवार्क विमानतळाच्या हवामान नोंदी यासाठी काढतात. माझ्या वेळी आकाश स्वच्छ होतं. पाणी डोंगराचं होतं, आणि डोंगर कंत्राटदाराने उताराच्या वरच्या टोकाला रचला होता. खालच्या कोपऱ्यात, नाल्याच्या जाळीजवळ, तो रचला असता तर पाणी दाराकडे आलंच नसतं. मीठ टाकलं होतं असं त्यांचं म्हणणं. पण साधं मीठ उणे नऊ सेल्सियसच्या खाली फारसं काम करत नाही, आणि त्या रात्री पारा त्याहून खाली होता.

म्हणून पडल्यावर फोटो फक्त पायाखालच्या बर्फाचा काढू नका. चार पावलं मागे जाऊन, पाणी कुठून आलं तो उतार, तो ढीग, ती गळकी पन्हाळ, सगळं एका चौकटीत घ्या. बूट घासूनपुसून ठेवू नका, पिशवीत बांधून ठेवा. कॅमेऱ्याचं चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं, ते जपून ठेवा असं लेखी पत्र वकिलाकडून लगेच जाऊ द्या. या खटल्याचीही मुदत दोन वर्षं. जागा महापालिकेची, शाळेची किंवा राज्याची असेल तर मात्र ९० दिवसांत नोटीस द्यावी लागते.

खटल्यात मला जे मिळालं, त्यातला एक भाग कॉम्पच्या विमा कंपनीने परत घेतला. कायद्यात तसं आहे: एकाच दवाखान्याच्या बिलाचे दोनदा पैसे नाहीत. ऐकताना जीव जळतो, पण आधीच माहीत असलेलं बरं.

कॉम्प मिटवतानाही दोन कागद पुढे येतात. सेक्शन २० म्हणजे एकदाच ठोक रक्कम आणि केस कायमची बंद. सेक्शन २२ म्हणजे टक्केवारी ठरते, पैसे हप्त्याने येतात, पण त्रास वाढला तर शेवटच्या पैशापासून दोन वर्षांत केस पुन्हा उघडता येते. ठोक रक्कम मोठी दिसते, आणि घरात मुलाची फी थकलेली असते. हाडात धातू बसलेला असेल, सांधा दुखत असेल, तर मला विचाराल तर सेक्शन २२ घ्यावं. मी तेच घेतलं. पुढच्याच वर्षी एक स्क्रू काढावा लागला, आणि केस उघडता आली.

ती पाटी आता बदलली आहे. मागच्या लॉटचा उल्लेख नव्या पाटीवर नाही, तोंडी मात्र अजून तिथेच गाड्या लावायला सांगतात. म्हणून आमच्या शिफ्टच्या बायकांना मी एवढंच सांगते: लीड असं काही सांगेल तेव्हा त्याला मेसेज करा, ‘मागच्या लॉटमध्येच लावायची ना?’ त्याने ‘हो’ म्हणून उत्तर दिलं की तो मेसेज पुसू नका. आणि या हिवाळ्यात तुमच्या पुढे कोणी घसरलं, तर आधी त्याला उठवा, मग त्याच्याच फोनवर जागेचे फोटो काढा, आणि तुमचं नाव-नंबर त्यात टाकून द्या. साक्षीदार व्हायला वेळ जात नाही, आणि साक्ष दिली म्हणूनही तुम्हाला कामावरून काढता येत नाही.